विटेएवढी जागा

पांडुरंगा,

दुपारपासून पश्चिमेकडून आंधी सुटली आहे. देव्हाऱ्यातली समई दोनदा विझली. खिडक्या लावून घेतल्या, फटींत जुनी लुगडी कोंबली, तरी तुझ्या कपाळावरच्या बुक्क्यावर पिवळसर धूळ बसलीच. ही धूळ राजस्थानातली. अरवलीत जिथं खिंडी आहेत आणि जिथं दगडासाठी टेकड्याच्या टेकड्या पोखरून नेल्या, तिथून वाळवंट आत येतं. न्यायालयानं 2009 साली फरिदाबाद-गुडगावकडचं अरवलीतलं खाणकाम थांबवलं, पण नेलेली टेकडी कोण परत आणून ठेवणार? अशा दिवशी मला आठवण होते की आपण कुठं राहतो. ही दिल्ली. मेट्रो आहे, विमानतळ आहे, राजधानी आहे, आणि आपलं घर वाळवंटाच्या उंबरठ्यावर आहे.

उद्या पहाटे माझ्याकडे दोन माणसं यायची आहेत. ती येण्याआधी मला तुझ्यापुढं काही बोलायचं आहे. काही तुझ्या माहितीतलं, काही माझ्या मनात बरीच वर्षं साचलेलं.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर पालम आहे. लोकांना पालम म्हटलं की विमानं आठवतात. पण त्या गावाचं नाव सातशे वर्षांहून जुन्या एका दगडावर कोरलेलं आहे, आणि ते कुणा लढाईसाठी कोरलेलं नाही. विक्रम संवत 1333, म्हणजे इसवी सन 1276. दिल्लीच्या तख्तावर बल्बन होता. उद्धर नावाच्या एका ठक्कुरानं पालमच्या पूर्वेला पायऱ्यांची विहीर बांधवून घेतली. आपण जिला बारव म्हणतो, तिला इकडे बावली म्हणतात. वाटेनं थकून येणाऱ्याचा शीण जावा, तहान भागावी, एवढ्यासाठी ती बांधली असं त्या दगडावर लिहून ठेवलं आहे. ह्याच माणसानं ठिकठिकाणी धर्मशाळाही बांधल्याची नोंद त्यात आहे. मजकूर संस्कृतात, पंडित योगीश्वर नावाच्या कवीनं रचलेला. ह्या मुलखाला त्यात हरियाणक म्हटलं आहे आणि शहराला ढिल्ली. आधी तोमर, मग चौहान, मग तुर्क राजे, असा राज्यांचा क्रमही सांगितला आहे. दिल्लीचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो दगड ह्या क्रमासाठी मोलाचा वाटतो. मला तो वाटसरूंसाठी मोलाचा वाटतो.

देवा, 1276 म्हणजे आपल्याकडे आपेगावात ज्ञानोबा अजून पाळण्यात. नामदेव सहा वर्षांचे. इकडे दूर उत्तरेत, ज्याला आपल्या संतांची नावंही ऐकायला मिळाली नसतील असा एक माणूस कोरड्या रानात विहीर खणवत होता. पुढं ज्ञानोबा आणि नामदेव तीर्थयात्रेला निघाले, तेव्हा मारवाडात त्यांना तहानेनं कासावीस करणारी ती खोल विहीर लागली. ज्ञानोबा सूक्ष्म रूपानं आत उतरून पाणी पिऊन आले आणि नामदेवांनी तुला हाक मारली तेव्हा विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. लहानपणी आजीकडून ही गोष्ट ऐकताना मी नेहमी नामदेवांच्या बाजूनं असायची. दिल्लीत आल्यावर, इथले उन्हाळे सोसल्यावर, मला एक वेगळाच प्रश्न पडायला लागला. त्या वाळवंटात ती विहीर आधी खणली कुणी? पाणी खोल गेलं होतं, हाताला लागत नव्हतं, पण विहीर तर होती. तिथं कुणीतरी उन्हात कुदळ मारली होती. त्याचं नाव कुठल्याच कथेत नाही. पांडुरंगा, तुला ते ठाऊक असणार. आज मी त्या माणसालाही नमस्कार करते.

पालमचा उद्धर मूळचा इथला नव्हे. त्याचं घराणं उच गावचं, मुलतानकडचं. सतलज आणि चिनाब जिथं एकत्र येतात, त्याच्या जवळचं. चिनाबचं जुनं नाव चंद्रभागा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून तुझ्यापुढं येऊन उभी राहिले होते, आठवतं तुला? चंद्रभागेच्या मुलखातला माणूस कोरड्या गावी आला आणि त्यानं पहिल्यांदा पाण्याची सोय केली, तीही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. त्या काळात उच आणि मुलतानवर मंगोलांच्या धाडी पडत होत्या, माणसं जीव मुठीत धरून पूर्वेकडे सरकत होती. परक्या गावी तहान कशी लागते, हे त्या माणसाला शिकवावं लागलं नसावं.

मी पालम गावात विचारत फिरले. डेअरीवाल्याला विचारलं, देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं, खाटेवर हुक्का ओढत बसलेल्या दोन म्हाताऱ्या ताऊंना विचारलं. ती बावली मला दाखवणारा कुणी भेटला नाही. दगड मात्र राहिला, तो लाल किल्ल्यातल्या संग्रहालयात गेला. पाणी गेलं, पाण्याची पावती उरली. आणि त्याच पालमच्या हद्दीला लागून आज ह्या देशातला सगळ्यांत वर्दळीचा विमानतळ आहे, जिथं रात्री दोन वाजताही माणसांची रांग असते. सातशे वर्षं झाली, तरी ही जागा वाटसरूंचीच राहिली. तुझ्या मनात काय होतं, तुझं तुला ठाऊक.

त्या लेखात एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर मी तुझ्याशी भांडले आहे. कवीनं सुलतानाची स्तुती करताना म्हटलं आहे की ह्या राजानं पृथ्वीचा भार उचलल्यामुळे विष्णू आता क्षीरसागरात निश्चिंत झोपला आहे. दरबारी कवीची रीत असते, मी समजू शकते. पण माझा जीव कळवळतो. राज्य कुणाचंही असो, तू झोपलेला मला चालत नाही. माझ्या लेखी तू झोपणारा देव नाहीसच. आमच्या माळशिरस तालुक्यात जन्मलेल्या कुठल्याही पोरीला विचार, देव कसा असतो? ती कंबरेवर हात ठेवून उभी राहून दाखवील.

आमच्या नातेपुत्याचं तुला काय सांगायचं. माउलींची पालखी फलटणहून निघून बरडचा मुक्काम करून आमच्याकडे येते, मग माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला जाते. आषाढ जवळ आला की आजी दारातले दोन रांजण घासायला काढायची. एरवी आमच्याकडे पाण्याला पैशापेक्षा जास्त जपायचे. आंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी तुळशीपलीकडच्या शेवग्याला. पण पालखीच्या दिवशी रांजण भरलेले राहिले पाहिजेत, हा नियम. 1972 च्या दुष्काळातही आजीनं तो मोडला नाही. लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलं. ओसरीवर पथाऱ्या पडायच्या. कोण कुठला, जात कुठली, हे आजी विचारायची नाही. एवढंच विचारायची, "माउली, पाय दुखतात का?" वारीत मुक्कामाच्या अलीकडे जिथं थोडं टेकायचं, त्याला विसावा म्हणतात. हा शब्द मला अजूनही मराठीतला सगळ्यांत दयाळू शब्द वाटतो.

अशा घरातून मी 1991 साली दिल्लीत आले. दोन ट्रंका, एक वळकटी, आणि हातात तू, पितळेचा. पहिल्या काही रात्री पहाडगंजात एका मराठी संस्थेच्या खोलीत काढल्या. मे महिना होता. खोलीबाहेरच्या गल्लीत एका शीख आजोबांनी थंड पाण्याचा माठ मांडला होता आणि ते स्वतः शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला ओगराळ्यानं पाणी वाढत होते. इकडे त्याला प्याऊ म्हणतात. मला हिंदी धड येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त "पुत्तर, पी ले" म्हटलं. परक्या गावात पहिल्यांदा मला कुणी आपलं म्हटलं, ते पाण्याच्या निमित्तानं. पुढं जूनमध्ये रस्तोरस्ती छबील लागली, गुलाबी सरबताचे पेले. गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्याच्या दिवसांत ते वाटतात, हे नंतर कळलं. ज्यांना तापलेल्या तव्यावर बसवून, अंगावर भाजणारी वाळू ओतून छळलं, त्यांच्या आठवणीत लोकांनी वाटेवरच्यांना थंड सरबत पाजायचं ठरवलं. दुःखातून असं काही काढणारी माणसं तू घडवलीस, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे.

2001 साली आम्ही द्वारकेत राहायला आलो. सरकारी कागदांवर आधी ह्या वसाहतीचं नाव पप्पनकलां होतं. द्वारका हे नाव ऐकून मी हरखले होते, कारण तुझंच जुनं गाव. आले तर काय? रुंद रस्ते आणि त्यांवर कुणी नाही. बाभळीसारखी विलायती कीकर, मध्येच एखादी सोसायटीची इमारत, संध्याकाळी कोल्हेकुई. नळाला पाणी नाही. बोअरचं पाणी खारट, चहा फाटायचा. आठवड्यातून तीनदा टँकर यायचा आणि आम्ही शिकल्यासवरल्या बाया बादल्या घेऊन धावायचो. एका जाट टँकरवाल्यानं आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्यासाठी स्वतःहून वेगळं पिंप भरून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा आम्हांला लाज वाटली की आपल्याला हे सुचलं नाही. त्या पिंपाभोवती मग रिक्षावाले थांबायला लागले. रिक्षावाले थांबतात म्हणून एकीनं पराठ्यांचा ठेला लावला. पराठे मिळतात म्हणून पंक्चरवाला आला. आज तिथं बाजार आहे, औषधाचं दुकान आहे, दहा मजली इमारती आहेत. देवा, गाव कसं जन्माला येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. रस्ते आधीच आखलेले होते, पण गाव त्या पिंपाभोवती झालं.

खूप वर्षांनी कळलं की आमच्याच बारा नंबरच्या सेक्टरमध्ये लोहारहेडीची बावली आहे, लोदींच्या काळातली, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीची. झाडाझुडपांत बुजलेली होती, आता साफ केली आहे. आम्ही टँकरमागे धावत होतो आणि आमच्या पायाशी कुणीतरी आधीच पाण्याचा विचार करून गेलं होतं.

ह्या मुलखात सराय शब्द किती गावांना चिकटला आहे! युसुफ सराय, लाडो सराय, बेर सराय, जिया सराय, कटवारिया सराय, शेख सराय, नेब सराय, सराय रोहिल्ला, सराय काले खाँ. आम्ही ही नावं रोज ऐकतो, अर्थाकडे लक्ष जात नाही. शेरशहा सूर दिल्लीच्या गादीवर पाच वर्षं होता, 1540 ते 1545. तेवढ्या काळात त्यानं हमरस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधवल्या. हिंदू-मुसलमान दोघांचीही राहण्याची, पाण्याची सोय केली. शहाजहानच्या मुलीनं, जहाँआरा बेगमनं, चांदणी चौकात बांधलेली सराय तर देखणी होती म्हणतात, पण ती बड्या परदेशी व्यापाऱ्यांसाठी, आणि 1857 नंतर इंग्रजांनी तीही पाडून तिथं टाउन हॉल उभारला. माझं मन साध्या सरायांकडेच ओढतं. चार भिंती, मध्ये विहीर, बैलांना दावण, रात्री बंद होणारा एक मोठा दरवाजा. रात्री दार बंद होतं, म्हणजे आत असलेल्या माणसाला उजाडेपर्यंत भीती नाही. ह्यापेक्षा मोठं आश्वासन कुठल्या राज्यानं रयतेला दिलं आहे?

आणि आपण मराठी माणसांवर तर ह्या मुलखाचं ऋण आहे. 1761 च्या जानेवारीत पानिपत झालं. जी वाचली ती माणसं थंडीत, उपाशी, अनवाणी दक्षिणेकडे निघाली. अठरा वर्षांचे नाना फडणीस त्यांत होते. घोडा नाही, अंगावर धड कपडा नाही, आईची ताटातूट झाली ती कायमची. रेवाडीला त्यांना आसरा मिळाला, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. हीच ती रेवाडी, पालमवरून जाणारी आगगाडी जिथं पोचते. पुढं डीग-भरतपूरच्या बाजूला सूरजमल जाटांनी हजारो मराठ्यांना अन्न दिलं, कपडे दिले, जखमा बांधल्या. लढाईआधी त्यांच्याशी आपल्यांचं बिनसलं होतं, ते आपल्यांना सोडून निघून गेले होते. तरीही दारात आलेल्याला त्यांनी परत पाठवलं नाही. आपण पानिपतावर इतकं बोलतो, कादंबऱ्या वाचून रडतो. रेवाडीच्या त्या ओसरीबद्दल किती बोलतो? ज्या बायांनी त्या हिवाळ्यात भाकरी थापल्या, त्यांच्यासाठी आपण कधी हात जोडले? पांडुरंगा, आज मी जोडते. अडीचशे वर्षांहून जास्त उशीर झाला, तेवढा पदरात घे.

आता मला जे बोलायचं होतं तिथं मी आले. इतका वेळ उद्धराबद्दल, सूरजमलांबद्दल बोलले, ते काही शहाणपणा दाखवायला नव्हे. मला धीर हवा होता.

2007 सालच्या जानेवारीत रात्री फोन वाजला. आमच्याच तालुक्यातला माणूस. माझ्या आजीला ओळखणारा. बायकोला इथल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवायला आणलं होतं, तारीख लांबची मिळाली होती. बोलण्यात संकोच होता. "ताई, आठ दिवस कुठं टेकायला मिळेल का? ओसरीत चाललं तरी चालंल." आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला ओसरी कुठली, पण तो ज्या घराच्या आठवणीनं फोन करत होता, त्याला होती. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. मुलाची परीक्षा होती, नवी सतरंजी होती, आजाराची भीती होती, आणि खरं सांगायचं तर नको वाटलं. त्यानं लगेच म्हटलं, "बरं बरं, असू द्या, काळजी करू नका ताई." उलट मलाच त्यानं धीर दिला.

पुढं कळलं, अकरा रात्री ती दोघं रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर होती. दिल्लीचा जानेवारी तुला माहीत आहे. धुक्यात हात समोर धरला तर दिसत नाही. प्लॅस्टिकचा कागद खाली, तसलाच वर, मध्ये दोन माणसं आणि तपासण्यांच्या कागदांची पिशवी. ज्या शहरातल्या कितीतरी गावांच्या नावात सराय आहे, त्या शहरात.

दोन वर्षांनी मी पालखीच्या वेळी गावी गेले. नातेपुत्यात गर्दीतून चालताना एका दाराशी कुणीतरी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तोच माणूस होता. त्यानं मला ओळखलं. "ताई, दिल्लीला सगळं बरं हाय ना? बसा की घटकाभर." मी आत पाहिलं. भिंतीवर बायकोच्या फोटोला हार होता. मी पाणी प्याले. देवा, ते पाणी घशाखाली उतरताना जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

मी क्षमा मागत नाही. क्षमा त्यानं तांब्या पुढं केला तेव्हाच दिली होती. ती मला पेलायची आहे. मी दुसरं काही मागते.

त्या दिवसानंतर मी तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तू कोण आहेस? द्वारकेहून निघालेला एक वाटसरू. पुंडलिकाच्या दारात येऊन उभा राहिलास. तो आईबापांचे पाय चेपत होता, उठू शकत नव्हता. घर लहान असेल, हात गुंतलेले होते, वेळ अडचणीची होती. माझ्यासारखीच सगळी कारणं त्याच्याजवळ होती. पण त्यानं "पाहुणे आहेत" म्हटलं नाही. हाताशी वीट होती, ती पुढं सरकवली. ये, ह्यावर उभा राहा, चिखलात पाय भिजवू नकोस. विटेएवढी जागा. तेवढी पुरली तुला. तू अजून तिथून हलला नाहीस, आणि त्या विटेभोवती पंढरपूर वसलं. आमची सगळी भाषा, टाळ, दिंड्या, सगळं त्या एका विटेभोवती. राजे-रजवाडे देवळं बांधायला नंतर आले, जशी आमच्या पिंपाभोवती दुकानं आणि इमारती नंतर आल्या.

म्हणून मला तुझ्याकडे घर मोठं मागायचं नाही. वीट सरकवायचा हात माग, असं मला आजीनं शिकवायला हवं होतं. तिनं तोंडानं शिकवलं नाही, रांजण घासून दाखवला, आणि मी दिल्लीत येऊन विसरले. तो हात मला दे. भीती वाटली तरी दार उघडण्याचं बळ दे. पाहुणा कंटाळवाणा असेल, रात्री खोकत असेल, मोरीत पाणी सांडत असेल, तेव्हा माझा चेहरा मला सांभाळू दे.

माझ्या ह्या शहरासाठीही मागते. इथं रैनबसेरे आहेत, थंडीत तंबू लागतात, गुरुद्वारांत रात्रंदिवस लंगर चालतो, रुग्णांच्या नातलगांसाठी काही विश्रामसदनंही उभी राहिली आहेत. जी माणसं ती चालवतात त्यांच्या घरी काही कमी पडू देऊ नकोस. पण फुटपाथ अजून रिकामे झालेले नाहीत. आमच्या अहिल्यादेवींनी इंदूर-महेश्वरात बसून काशी-गयेच्या वाटसरूंचा विचार केला. गाडगेबाबांनी झाडू घेऊन गावं झाडली आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हतं त्यांना छप्पर हवं होतं. मुंबईत दादरला गाडगेबाबांच्याच नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरवरच्या उपचारांना आलेली गरीब माणसं राहतात. तशी बुद्धी इथं ज्यांच्या हातात जमीन आहे, ज्यांच्या सहीनं दारं उघडतात, त्यांना दे. कर्नाळ्यापासून किनवटपर्यंतची माणसं इथं औषधाला येतात. बिहारची, आसामची, बुंदेलखंडाची येतात. सगळ्यांचा प्रवास तुझ्याकडेच येणारा आहे, मधल्या वाटेवर त्यांना थंडीत झोपवू नकोस.

ह्या कोरड्या मुलखाच्या पाण्यासाठी मागते. अरवलीच्या उरलेल्या टेकड्या उरू देत. बुजवलेल्या बावल्यांत पाऊस मुरू दे. आणि तो उद्धर, चंद्रभागेच्या काठचा, जिथं कुठं असेल तिथं त्याला सांग की पालममध्ये त्याची विहीर शोधत एक बाई फिरली होती.

आंधी आता थांबली आहे. चार थेंब पडले, मातीचा वास सुटला आहे. मी समई पुन्हा लावते.

मागल्या आठवड्यात गावाकडून फोन आला होता. एका मुलाला, नऊ वर्षांचा आहे, हृदयाच्या तपासणीसाठी इथं आणायचं आहे. बरोबर बाप आहे. माझी त्यांची ओळख नाही. नंबर त्यांना कुणी दिला, हे मी विचारलं नाही, पण मला वाटतं मी ओळखलं. मी म्हटलं, या. बाहेरच्या खोलीत गादी घातली आहे. नवा माठ आणून दोन दिवस पाणी घालून ठेवला होता, आज भरला. उद्या पहाटे गोवा एक्स्प्रेसनं ते निजामुद्दीनला उतरतील आणि सराय काले खाँच्या बाजूच्या दारानं बाहेर येतील. मी साडेपाचला तिथं उभी असेन. गाडी आत्ता झाशीच्या आसपास असेल. मुलाला खिडकीशी झोपू दे, आणि त्याच्या बापालाही थोडा डोळा लागू दे.